ओढ्याकडची जागा

लाँड्रीवाल्यानं कोट काउंटरवर ठेवला, वरचा कागद बाजूला केला आणि म्हणाला, "बघून घ्या. डाग औषधाला राहिला न्हाई." जालिंदरची नजर आता उतरलेली. बारीक वस्तू नाकाशी आणल्याशिवाय दिसत नाही. त्यानं कोटाची कॉलर तोंडापाशी धरली आणि धरूनच उभा राहिला. वास गोड होता, गार होता, नाकातून थेट कपाळाच्या आत जाऊन बसणारा. अगदी तोच नव्हता, पण त्याचाच भाऊबंद. मागं उभा असलेला एक माणूस पुढं सरकला, जालिंदरला ते कळलं नाही. "काय वो बाबा, बरं वाटंना व्हय?" लाँड्रीवाल्यानं विचारलं. जालिंदरनं मान हलवली. "ड्रायक्लीनचा वास आसतोय त्यो. घरात वाऱ्यावर टाकला की उडून जातंय." जालिंदरनं कोट हातावर घेतला आणि रस्त्यावर आला. सांगलीचा शनिवारचा बाजार भरत होता. हळदीची पोती लादलेला एक हातगाडा त्याच्या पायावरून जाता जाता राहिला, गाडेवाल्यानं शिवी दिली, तीही त्याला लांबून आल्यासारखी वाटली. उडून जातंय. हेच तो बावीस वर्षं म्हणत आला होता. कारखान्यात नवा माणूस आला की जालिंदर त्याला टाकीपाशी न्यायचा, तळहातावर ट्रायक्लोरचा, तेल काढणाऱ्या त्या औषधाचा, एक थेंब टाकायचा आणि म्हणायचा, फुंकर मार. पोरगा फुंकर मारायच्या आतच थेंब नाहीसा व्हायचा, मागं फक्त गारवा राहायचा आणि कातडी पांढरी पडायची. "बघितलंस? जमिनीवर वतलं तर जमिनीवरनं जातंय. कुनाच्या बापाला सापडत न्हाई." सगळे हसायचे. तोही हसायचा.

कारखाना मिरजेच्या अलीकडं, वसाहतीच्या टोकाला. पंपाचे लहान लहान भाग तिथं व्हायचे. यंत्रावरून निघालेला भाग तेलानं माखलेला असे. तो जाळीच्या टोपलीत घालून टाकीत सोडायचा. खाली शेगडी, वर ट्रायक्लोरची वाफ. टोपली वर आली की भाग लख्ख, कोरडा. धुणं नाही, पुसणं नाही. जालिंदरला त्या कामाची ऐट होती. गावातल्या कुणाच्याही हाताखाली न राबता, डोक्यावर पत्रा, महिन्याच्या महिन्याला पगार आणि पांढरी कातडी. शनिवारी टाकी रिकामी करायची. आठवडाभराचं तेल खाऊन काळं पडलेलं ट्रायक्लोर पिंपात काढायचं, पिंप गाड्यावर चढवायचं आणि शेडच्या मागच्या खड्ड्यात ओतायचं. ते पाण्यापेक्षा जड होतं. बादलीत पाणी असलं तर ते खाली जाऊन बसायचं, तळाला वेगळं चमकायचं. हे त्यानं कितीदा बघितलं होतं. हाताला जड लागत होतं, डोळ्याला बुडताना दिसत होतं, आणि तरी तोंडानं तो म्हणत होता, उडून जातंय. माणूस दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा जाणतो, हे त्याला आता, कोट छातीशी धरून चालताना, उमगेनासं झालं.

उद्या रविवार. उद्या कारखान्यामागच्या त्याच्या जुन्या वस्तीवर जायचं होतं. परवा त्याचा पुतण्या नागसेन येऊन गेला होता. वायरमनची पिशवी खांद्याला, चहा बशीत ओतून घेत म्हणाला, "काका, पेन्शनीला जरा ऊन लागू द्या. रविवारी या. कालेजच्या म्याडम हायत, त्यास्नी तुमच्याशी बोलायचंय." जालिंदरनं विचारलं, माझ्याशी काय. "तुमच्याशी न्हाई तर कुनाशी? टाकीवर बावीस वर्सं तुमीच हुता. दादासो सायेब मेले. बाकीचे म्हनत्यात आमी तिकडं गेलोच न्हाई. आन त्या म्याडम लय भारी हायत बगा. फलटनच्या. बागायतदाराची लेक, आन आमच्या वस्तीत चिखलात बसत्या. आय म्हनती, ही बाई कोळशानं हिरीचं पानी धुनार हाय." नागसेन हसला. जालिंदरची बायको आत भाकरी थापत होती, तीही हसली. जालिंदरनं विचारलं, वैनी कशी हाय. "हाय. हिर बंद झालीया, टँकर आला की सगळ्यात आदी हंडा घिऊन जाती आन सगळ्यात जास्त शिव्या दिती. म्हनती, परत वरनं वतून घ्यायचं आलं." नागसेन ते हसण्यावारी सांगून गेला. तो पासष्ट सालचा, त्याला त्यातलं काय ठाऊक. जालिंदरला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

वरनं ओतून घ्यायचं. गावच्या आडावर आईबरोबर तो उभा राहायचा, तेव्हा खाली मडकं धरायचं आणि वरून कुणीतरी पोहऱ्यातून धार सोडायची. मनात आलं तर सोडायची. छपन्न साली दीक्षा झाली आणि अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात वस्तीनं स्वतःची विहीर धरली. जालिंदर तेव्हा एकोणीस वर्षांचा. त्याचा बाप तात्याबा, थोरला भाऊ ज्ञानू आणि तो, तिघं एका पाळीत. वर हातभर काळी, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक, तो पहारीला दाद देईना. दोन उन्हाळे गेले. पाणी लागलं तेव्हा ज्ञानू खाली होता. त्यानं ओरडून सांगितलं नाही. गप्प उभा राहिला आणि पायाकडं बघत राहिला. वरून लोक विचारत होते, काय झालं रं, काय झालं. तेव्हापासून वस्तीची चाल पडली. दर सालाला चौदा एप्रिलच्या आधी प्रत्येक घरातल्या एका माणसानं विहिरीत उतरायचं, गाळ काढायचा, कठडा चुन्यानं सारवायचा, मग वंदना. सांगलीला राहायला गेल्यावरही जालिंदरनं तो दिवस चुकवला नाही. लोक म्हणत, नोकरदार झाला, शहरात गेला, पण गाळाला पहिला उतरतोय. चौऱ्याण्णव साली तो असाच उतरला. कमरेएवढ्या पाण्यात वाकून घमेलं भरलं आणि वर उचलताना वास आला. गोड, गार. तो तिथंच थबकला. वरून ज्ञानूनं विचारलं, "का रं?" जालिंदर म्हणाला, "काय न्हाई. गाळाचा वास हाय." त्यानं घमेलं वर दिलं. ज्ञानूनं ते हातांत घेतलं. पुढच्या वर्षी गाळ काढायला ज्ञानू नव्हता. कावीळ, पोटात पाणी, मिरजेच्या इस्पितळात सतरा दिवस. डॉक्टरनं विचारलं, दारू किती? बनाबाई, नागसेनची आई, डॉक्टरच्या अंगावर धावून गेली होती. आयुष्यात थेंबाला शिवला नव्हता तिचा नवरा. जालिंदर तेव्हा पलंगाच्या पायथ्याशी उभा होता, औषधाची चिठ्ठी हातात घेऊन. ती चिठ्ठी तो वाचू शकत होता.

सगळी गाठ त्या वाचण्यापाशी होती. नव्वद साली विहारात साक्षरतेचा वर्ग सुरू झाला. जालिंदरचं वय एक्कावन्न. बनाबाई त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. दीर-भावजय एकाच सतरंजीवर पाटी घेऊन बसायचे. तिचं अक्षर गोल, नेटकं. त्याचं अक्षर पहार मारल्यासारखं. ती त्याच्या पाटीकडं बघून म्हणायची, "भावजी, ह्यो अ हाय का खेकडा?" वर्षभरात दोघंही वाचायला लागले. एसटीवरची पाटी, दुकानावरचं नाव, पेपरातला मोठा मथळा. काय दिवस होते ते. रस्त्यानं जाताना भिंती त्याच्याशी बोलायला लागल्या होत्या. आणि एक्क्याण्णवच्या दिवाळीआधी कुणी सरकारी माणूस कारखान्यात तपासणीला येऊन गेला. आठ दिवसांनी शेडच्या भिंतीवर पिवळा पत्रा लागला. त्यावर लाल अक्षरं. जालिंदर पाळीवर आला तेव्हा चारपाच जण तिथं उभे होते. वाच की जालिंदर, शाळंला जातोस न्हवं. त्यानं बोट धरून वाचलं. वा-प-र-ले-ले. द्रावण ह्या शब्दाला तो अडला, पण सोडला नाही. वापरलेले द्रावण जमिनीत ओतू नये. पाण्यास धोका. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरोखरच वाजवल्या. मागून दादासो आला. तो सुपरवायझर, हाडानं वाईट नव्हता. लष्करातनं सुटून आलेला, सगळ्यांना नावानं हाक मारणारा. त्यानं जालिंदरच्या पाठीवर थाप मारली. "वा रं गड्या. शिकलास की. वाचलंस न्हवं? मग आता हितं खड्ड्यात दिसंल आसं नगं वतूस. गाडा तिकडं वड्याकडं ने. बाभळीच्या आड." एवढंच. ना दमदाटी, ना नोकरीची धमकी. त्या शनिवारी जालिंदरनं पिंप गाड्यावर चढवलं आणि कुंपणाच्या फटीतून ओढ्याकडं ढकलत नेलं. बाभळीपाशी उभा राहिला की समोर वस्तीची घरं दिसायची. घरं आणि बाभळ यांच्या मधोमध विहीर. पांढरा कठडा उन्हात चमकायचा. त्यानं पिंप कलतं केलं. संध्याकाळी वर्गात बनाबाईनं विचारलं, "आज काय वाचलंसा?" तो म्हणाला, "कारखान्यातला बोर्ड." "काय लिवलं हुतं?" "विडी वडू नये," जालिंदर म्हणाला.

त्यानंतर सहा महिन्यांत त्यानं सांगलीत खोली घेतली. मुलाची, प्रशांतची शाळा, असं सगळ्यांना सांगितलं. बायकोलाही तेच सांगितलं. खरं तर प्रशांत वस्तीवरच्या शाळेतही चांगला शिकत होता. पण खोलीला नळ होता. पहिल्या दिवशी जालिंदरनं तो नळ सोडला आणि खाली हात धरून उभा राहिला. बायको म्हणाली, काय येड्यावानी बगताय, नळ काय पैल्यांदा बगताय व्हय? हे सगळं त्यानं कधी मनातल्या मनात सुद्धा नीट मांडलं नव्हतं. बोर्ड एका खणात, बाभळ दुसऱ्या खणात, खोली तिसऱ्या खणात. खण उघडायचे, पण एका वेळी एकच. आज कोटाच्या वासानं तिन्ही एकदम उघडले. प्रशांतनं घरी कोट अंगात घालून बघितला. पुण्याला मुलाखत होती त्याची. आरशासमोर फिरून म्हणाला, "बाबा, बसतोय ना?" जालिंदर म्हणाला, "बसतोय." आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला.

रविवारी सकाळी तो वस्तीवर पोचला, तेव्हा विहिरीजवळ लोक जमले होते. पोत्यांची थप्पी लागली होती, दोन निळी पिंपं झाकून ठेवली होती. मॅडम म्हणजे संयोगिता. तिशीतली, हातापायाला काळं लागलेलं, साडीचा पदर खोचलेला. तिनं नमस्कार केला आणि बसायला स्वतःच्या खालचं पोतं दिलं. बनाबाई कठड्याला टेकून बसली होती. चुना निघालेल्या कठड्याला गेल्या साली कुणी हात लावला नव्हता. बनाबाई वाळली होती. डोळ्यांत पिवळट झाक होती, की ती त्यालाच दिसत होती, त्याला कळेना. "या भावजी," ती म्हणाली, "बगा आमचा संसार. जंतूंस्नी मळी, आन आमाला टँकर." लोक हसले. संयोगिताही हसली. मग तिनं जालिंदरला सगळं सांगितलं, हळू, सोपं करून. पोत्यात कोळसा होता, उसाच्या पाचटाचा, तिच्या भावानं फलटणच्या रानात खड्डा झाकून, हवा न लागू देता केलेला. त्याच्या अंगाला बारीक छिद्रं असतात, विष तिथं धरून राहतं. पिंपात जंतू होते. ह्याच ओढ्यातला काळा चिखल आणि गोबरगॅसची स्लरी, त्यात तिनं आठ महिने थोडं थोडं तेच विष घालून त्यांना वाढवलेलं. साखर कारखान्याची मळी हे त्यांचं खाणं. विष जिथून विहिरीकडं सरकतं तिथं आडवा चर खणायचा, खोल, मुरमापर्यंत. त्यात कोळसा भरायचा आणि जंतू सोडायचे. पाणी चरातून गाळून पुढं जाईल आणि जंतू विषातला क्लोरीन एकेक करून काढत राहतील.

"किती दिवसात हुईल?" नागसेननं विचारलं.

"दिवस नाही दादा, वर्षं. आणि होईलच असं मी लिहून देत नाही. आपल्याकडं असं कुणी केल्याचं मला तरी माहीत नाही." ती थांबली. "एक गोष्ट मात्र पक्की. जंतूंनी काम अर्ध्यावर सोडलं, तर मधे जे तयार होतं ते मूळ विषापेक्षा वाईट असतं. म्हणून चर नेमक्या जागी पाहिजे. एवढा कोळसा मला परत मिळणार नाही." तिनं वही उघडली. "आणि इथंच माझं अडतंय, काका. शेडमागचा खड्डा सगळ्यांनी दाखवला. तो धरून मी ठिकठिकाणी बोअर घेऊन पाणी तपासलं. खड्ड्याजवळ विष कमी निघतंय आणि विहिरीजवळ जास्त. उलटं पाहिजे. उद्या सकाळी खणायला माणसं येणार आहेत. तुम्ही सांगा, खड्डा एकच होता ना?"

उत्तर एका शब्दाचं होतं. व्हय. ते त्याच्या जिभेवर तयारच होतं. खड्डा एकच, साहेब सांगायचा, आम्ही ओतायचो, आम्हाला काय कळत होतं. ते बोलून तो दुपारच्या एसटीनं परत गेला असता. चर खड्ड्यापाशी खणला गेला असता. माणसांनी घाम गाळला असता, कोळसा जमिनीत गेला असता, आणि पाच वर्षांनी हीच बाई इथं येऊन, वही उघडून, लोकांना म्हणाली असती की जमलं नाही. मग विहीर बुजवायचा ठराव झाला असता. मुरूम टाकून. त्याच्या बापानं वर काढलेला मुरूम. समोर बनाबाई चिमटीत तंबाखू मळत होती, त्याच्याकडं न बघता. नागसेन म्हणाला, "काका, पानी आनू का? टँकरचं हाय, भ्याऊ नगा." पुन्हा लोक हसले.

"दुसरी जागा हाय," जालिंदर म्हणाला.

तो उठला आणि चालू लागला. मागं संयोगिता, नागसेन, वस्तीतले आठदहा जण. बनाबाईही उठली, ती सावकाश, गुडघ्यावर हात देत. बाभळ कुणीतरी तोडून नेली होती, बुंधा उरला होता. त्याच्या आसपास दोन वावभर गवत उगवलेलं नव्हतं. शेळ्या तिथं चरत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. लोक म्हणत, जागा वाईट आहे. जालिंदरनं पायाखाली बोट दाखवलं. संयोगितानं विहिरीकडं बघितलं, ओढ्याकडं बघितलं, वहीतला नकाशा आडवा धरला. तिचं तोंड उजळलं. "अगदी बरोबर. म्हणूनच. पण काका, शेडमागं खड्डा असताना इथपर्यंत गाडा कशाला आणायचा? एवढ्या लांब?" मग तिच्या आवाजातला उजेड जरा कमी झाला. "एक्क्याण्णव साली शेडमधे बोर्ड लागला होता. जमिनीत ओतू नये म्हणून. मी कारखान्यात बघितलाय, अजून आहे. त्याच्या आधी की नंतर, हे?"

कुणी काही बोलायच्या आत बनाबाई मागून म्हणाली, "आवं बाई, सायेब म्हनला तिकडं वत, ह्येंनी वतलं. त्यास्नी कुठं वाचाय येत हुतं तवा. आमी आडानी मानसं. बोर्ड काय आन भित काय."

तिचा आवाज ठाम होता. तिनं हे इतकं सहज टाकलं की नागसेननंही मान डोलावली. जालिंदरनं वळून तिच्याकडं बघितलं. एका सतरंजीवर, एका कंदिलाखाली, वर्षभर ती त्याच्या शेजारी बसली होती. तो काय वाचू शकत होता हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ती त्याच्या डोळ्याला डोळा देऊन उभी होती. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला, तंबाखू गालात. बास, भावजी, असं ते डोळे म्हणत होते. बोर्डावर काय होतं ते आताच ऐकलं मी. बास. त्याला वाटलं, हे घ्यावं. भावजयीनं पदराआड घेतलंय तर तिथंच राहावं. विहिरीला जागा मिळाली, बाईला आकडे मिळाले, कुणाचं काही अडत नाही आता. फक्त ती एकटी जाणून राहील, आणि ती कुणाला सांगणार नाही. ज्ञानूची शपथ घालायचीही गरज नाही. आणि त्याच क्षणी त्याला कळलं की असं झालं तर आजपासून तिलाही खण करावे लागतील. तिलाही एका वेळी एकच उघडावा लागेल.

"येत हुतं," जालिंदर म्हणाला. "वाचाय येत हुतं मला, म्याडम. त्यो बोर्ड पैल्यांदा मीच वाचला. मोठ्यानं. त्यो वाचल्यावर हितं वताय लागलो. पाच वर्सं, दर शनवारी. रिटायर हुस्तवर."

संयोगितानं पेन वहीवर टेकवलं होतं, ते तसंच राहिलं. मग तिनं खाली मान घालून लिहिलं, कारण तिला ते लागत होतं. नागसेन दोन पावलं मागं सरला आणि वस्तीकडं बघायला लागला. एक म्हातारा खाकरला आणि थुंकला. ओढ्यात कुठंतरी पाणकोंबडी ओरडत होती, ती ओरडायची थांबेना. बनाबाई बाभळीच्या बुंध्यावर बसली. तिनं गालातली तंबाखू एका बाजूची दुसऱ्या बाजूला केली.

"आन ब्याण्णवला तुमी सांगलीला गेलासा," ती म्हणाली. विचारल्यासारखं नव्हे.

"व्हय."

"परशाच्या शाळंसाठनं."

"न्हाई, वैनी," जालिंदर म्हणाला. "पान्यासाठनं."

तिनं मान हलवली, हळू, दोन-तीनदा. हिशेब बसला की बायका हलवतात तशी. तिच्या तोंडावर राग नव्हता, तो असता तर त्याला बरं वाटलं असतं. संयोगिता म्हणाली, अगदी हलक्या आवाजात, की जागेवर खूण करायला हवी, उद्या माणसं चुकतील. नागसेनच्या पिशवीत लोखंडी खुंट्या होत्या. त्यानं एक काढली आणि कुणाच्या हातात न देता जमिनीवर टाकली. जालिंदरनं ती उचलली, उकिडवा बसला, जिथं पिंपाचं तोंड टेकायचं नेमक्या तिथं ती उभी केली आणि दोन्ही हातांनी धरली. ठोकायला काही नव्हतं. बनाबाई बुंध्यावरून उठली. तिनं ओढ्याच्या कडेचा एक धोंडा उचलला, तिला पेलवेल त्याहून मोठा, आणि येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. तिनं धोंडा डोक्याच्या वर नेला. "आय," नागसेन म्हणाला. जालिंदरनं हात काढले नाहीत. घाव खुंटीच्या माथ्यावर बसला. त्याच्या मनगटापर्यंत झिणझिण्या गेल्या. दुसरा घाव बोटाला चाटून गेला, रक्त आलं. तिसरा पुन्हा माथ्यावर. खुंटी वीतभर आत गेली, जागेवर घट्ट झाली, तरी तो धरूनच होता. बनाबाईनं धोंडा बाजूला टाकला आणि धापा टाकत उभी राहिली.

"हात काढा आता," ती म्हणाली. "आन उद्या सकाळच्याला या. खनायला मानसं कमी हायत."